वरचं पुडकं

आमच्याकडे कापूस फुटतो त्याच दिवसांत परीक्षा येतात. पेपरही फुटतात, पण तो विषय वेगळा. दिवाळी सरली, सकाळच्या हवेला जरा धार आली की सोनाळ्यातल्या घराघरांत दोन गोष्टी दिसू लागतात. एक म्हणजे पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत भरलेला कापूस, आणि दुसरी म्हणजे त्या कापसाला पाठ टेकून पुस्तक पुटपुटणारं एखादं पोर. कापसाला ऊब असते. पाठ टेकली की डोळे मिटायला लागतात, म्हणून मोठ्यानं वाचावं लागतं. माझं सगळं शालेय शिक्षण असं मोठ्या आवाजात झालं. कापसातल्या बारीक किड्यांमुळे मान आणि कोपरं खाजवत झालं, हेही सांगायला हवं, नाहीतर चित्र उगाच गोड होईल.

यंदाचं पोर म्हणजे साक्षी, माझ्या काकांची धाकटी. ती कृषी पदविकेला आहे. तिच्या घरी कापूस आणि पाहुणे एकदमच आले, म्हणून परीक्षेपुरती ती आमच्याकडे राहायला आली. मी बुलडाण्याला एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, आणि थोडी सुटी काढून घरी आले होते. सकाळी ओट्यावर चहा घेऊन बसले तर आतून तिचा एका सुरातला आवाज आला. "गुलाबी बोंडअळीमध्ये प्रतिकारक्षमता निर्माण होण्याची कारणे. एक, दरवर्षी त्याच शेतात बीटी कापसाची लागवड. दोन, फरदड घेणे, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभे ठेवणे. तीन, शेतकऱ्यांचा निष्काळजीपणा, म्हणजेच आश्रय पिकाच्या ओळी न लावणे."

चहा गार होईपर्यंत मी तशीच बसून राहिले. इतकी वर्षं झाली, पण ते तिसरं कारण कुठेही कानावर आलं की माझं डोकं फिरतं. त्याच्यापायी माझं ऑनर्स गेलं. मी ते इंग्रजीत वाचलं होतं. आता त्याचं मराठी झालं आहे, आणि आमच्याच घरात, आमच्याच कापसाला टेकून, आमच्याच मुली ते पाठ करत आहेत.

ऑनर्स हा शब्द गावात समजावून सांगायची सोय नव्हती. "हानर? कोनाचा हानर?" असं काका विचारायचे. बाबा मोठ्या ऐटीत सांगायचे, "सगळ्यायच्या वर जे शिकोतेत ना, ते." बाबांचं तसं चुकीचं नव्हतं. पुण्याच्या त्या कॉलेजात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला नेहमीचे पेपर सगळ्यांनाच होते. ऑनर्सवाल्यांना त्याच्या वर जादा पेपर, जादा प्रयोग आणि सत्राच्या शेवटी एक सेमिनार असे. ठरलेल्या श्रेणीच्या खाली जो घसरेल त्याची साध्या तुकडीत रवानगी. जो टिकेल त्याला त्याच विभागात आनुवंशिकीच्या एम.एस्सी.ला थेट जागा. मला ती जागा हवी होती. फळमाश्यांच्या त्या प्रयोगशाळेत, कोपऱ्यातल्या खिडकीजवळच्या सूक्ष्मदर्शकाशी आपण पुढची काही वर्षं बसलेलो आहोत, असं मी मनात पक्कं करून टाकलं होतं.

ती प्रयोगशाळा अजून नाकात आहे. मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट शिजवून माश्यांसाठी खाणं करायचं, त्याचा आंबूस गोड वास जिन्यापर्यंत यायचा. माश्यांना ईथर देऊन झोपवायचं आणि रंगाच्या बारीक कुंचल्यानं एकेक बाजूला सारायची, लाल डोळ्यांच्या इकडे, पांढऱ्या डोळ्यांच्या तिकडे. वेळ झाला तर त्या जाग्या होऊन उडून जायच्या आणि सगळी मोजणी पाण्यात. संख्याशास्त्राच्या तासाला मी पार गळून जायचे. जीवरसायनशास्त्रातली चक्रं पाठ करताना एक बाण कुठेतरी निसटायचाच. आणि एवढं डोकं शिणवून मेसमध्ये यावं तर आमटीत गूळ. ज्या माणसांना आमटीत गूळ चालतो त्यांच्यात आपण राहतो आहोत, हे मी शेवटपर्यंत मनाला पटवू शकले नाही.

माझी खोलीतली सोबतीण नसरीन देऊळगाव राजाची. तिच्या अब्बांचं तिथे कृषी केंद्र, बी-बियाणं आणि औषधांचं दुकान. आम्ही दोघी एकाच जिल्ह्याच्या, पण तिचं गाव पार जालन्याच्या अंगाला आणि माझं सातपुड्याच्या पायथ्याशी. त्यामुळे 'का' हा शब्द ती 'कामून' म्हणायची आणि मी 'काऊन'. वर्गात तोंड सांभाळून बोलायचं आम्ही ठरवलं होतं. पण डोक्यात खरोखरच प्रश्न पडला की माणूस घरच्याच भाषेत विचारतो. आनुवंशिकीच्या तासाला एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, "पण काऊन सर?" सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत, पण "का, असं म्हणायचं" एवढं त्यांनी सांगितलं. प्रश्नाचं उत्तर मात्र राहून गेलं. तेव्हापासून मी दिसले की मागच्या बाकांवरून हळूच 'काऊन, काऊन' असा आवाज यायचा. विज्ञान शिकायला जमलेल्या मुलांना 'का' या शब्दाचं हसू येतं, याची मला त्या वेळी लाज वाटली होती. आता वाटतं, लाज त्यांना वाटायला हवी होती.

त्याच वर्षीचा जून आठवतो. मी सुटीला घरी होते आणि आम्ही सरकी टोबत होतो. दोर धरायचा, त्यावरच्या खुणेशी ओल्या मातीत बोट खुपसायचं, सरकी टाकायची, मातीनं झाकायचं आणि पुढे सरकायचं. आईचं बोट या कामात इतकं मुरलेलं की खड्डा किती खोल झाला हे ती बघायचीही नाही. बीटीच्या पाकिटात तेव्हा मोठ्या पिशवीबरोबर एक छोटं पुडकं यायचं. आमच्या गावात त्याला 'वरचं' म्हणत. भाजीवाली मेथीची जुडी देते आणि वर मूठभर सांबार टाकते, म्हणजे तुमची कोथिंबीर, तसं हे कंपनीनं वर दिलेलं. वर मिळालेल्या वस्तूला कुणी प्रश्न विचारत नाही. पुडक्यावर मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत काहीतरी छापलेलं असायचं, पण सांबाराच्या काडीवर काय लिहिलंय हे कोण बघतं?

पुष्कळ लोक ते पुडकं बांधावर फेकून द्यायचे. आई फेकणारी नव्हे. आमच्या घरात काडेपेटीतली जळकी काडीसुद्धा दुसरी चूल पेटवायला जपून ठेवतात. आईनं वरचं पुडकं घरी आणलं, कडुलिंबाचा पाला घालून बिस्किटाच्या डब्यात ठेवलं आणि डबा कोनाड्यात सरकवला. मग सरकी उगवून आल्यावर, एका सरीनंतर, ती डबा घेऊन सगळ्या वावरात फिरली. जिथे बी उगवलं नव्हतं, जिथे ओळीत नांगा पडला होता, तिथे तिथे वाकून तिनं वरच्या पुडक्यातलं बी लावलं. कंबर धरली तर तेल लावून परत गेली. एकही जागा मोकळी राहिली नाही तेव्हाच तिनं रिकामा डबा धुऊन पालथा घातला.

दिवाळीला गेले तेव्हा पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, डोक्याइतकी उंच झालेली. लांबून बघावं तर दृष्ट लागेल असं पीक. पण कितीतरी फुलं उमलायचीच थांबली होती, पाकळ्या एकमेकींत पिळून गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या. डोमकळी म्हणतात तिला. आईनं एक हिरवं बोंड तोडलं. बाहेरून त्याला डाग नव्हता. दाताखाली धरून तिनं ते फोडलं आणि तळहातावर उलटं केलं. आतल्या कापसाचा चिखल झालेला, आणि त्यात एक गुलाबी अळी आरामात वळवळत होती. दुसरं बोंड फोडलं. तिसरं फोडलं. मग आई फोडायची थांबली आणि हात लुगड्याला पुसून माझ्याकडे बघायला लागली.

"अळी लागत नाही म्हून तं हेच सरकी घेतली आपन," ती म्हणाली. "मंग लागली काऊन?"

फुटलेलं बोंड मी तिच्या हातातून घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

"तू हेच शिकून राह्यली ना तिकडं? मंग सांग ना."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच वाटत होतं की मला माहीत असणार. मी म्हटलं, "पाहून सांगते." शेगावहून गाडीत बसले तेव्हा माझ्याजवळ चिवडा होता, ठेचा होता आणि तो काऊन होता. पुण्यात उतरल्यावर पहिलं काम केलं ते सेमिनारचा विषय बदलून घ्यायचं. बीटी कापूस आणि बोंडअळीची प्रतिकारक्षमता. कीटकशास्त्राचे सर खूश झाले. "तुझ्याच भागातला विषय आहे, छान कर," म्हणाले.

उत्तर मला वाचनालयात सापडलं, एका जाड पुस्तकात, भर दुपारी. उत्तर सोपं होतं आणि सुंदरही होतं. बीटी कापसाच्या झाडातच अळी मारणारं विष असतं, पण ते पचवणारी एखादी अळी निसर्गात असतेच. तिचा पतंग झाला की तो जोडीदार शोधतो. त्याला तसाच जोडीदार मिळाला तर पुढची सगळी प्रजा विष पचवणारी निपजते. म्हणून बीटीच्या कडेनं साध्या कापसाच्या ओळी लावायच्या. त्या ओळींवर साध्या अळ्या सुखानं वाढतात, त्यांचे पतंग भरपूर होतात आणि विष पचवणाऱ्या पतंगाची गाठ त्यांच्याशीच पडते. त्यांची पिल्लं पुन्हा बीटीला बळी पडतात. या साध्या ओळी म्हणजे आश्रय पीक. त्यासाठीचं बी प्रत्येक पाकिटात वेगळ्या पुडक्यात दिलेलं असतं, असं पुढे लिहिलं होतं.

वेगळ्या पुडक्यात. मी ती ओळ पुन्हा वाचली. बिस्किटाचा डबा, कडुलिंबाचा पाला आणि वाकलेली आई माझ्या डोळ्यांपुढे आली. वाईट वाटलं, पण राग तेव्हा आला नव्हता. चूक झाली होती, ती कशी झाली ते कळलं होतं, आणि आईला आता सांगता येणार होतं. राग आला तो पान उलटल्यावर. हे आश्रय पीक लावलं गेलं नाही त्याचं कारण म्हणून पुस्तकात एकच शब्द दिला होता, शेतकऱ्यांचा नेग्लिजन्स. शब्द मला माहीत होता, तरी मी उठून शब्दकोश काढला. निष्काळजीपणा. ज्याला काळजी नाही त्याचा गुण.

काळजी नाही? फेकून देणाऱ्यांचं सोडा, त्यांनाही कुणी काही सांगितलं नव्हतं. पण ज्या बाईनं ते पुडकं सोन्यासारखं जपलं, कंबर मोडेतो वाकून एकेक नांगा भरला, तिनं जर काही केलं असेल तर काळजीच केली, आणि काळजी केली म्हणूनच ती चुकली. पुस्तक लिहिणारा कुठल्या तरी गारेगार खोलीत बसला असेल. त्यानं आमच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन एकदा विचारलं असतं, की मावशी, या पुडक्याचं तुम्ही काय करता, तर तिनं त्याला आधी पाणी दिलं असतं आणि मग सगळं सांगितलं असतं. विचारायचे कष्ट घ्यायचे नाहीत आणि निष्काळजी दुसऱ्याला म्हणायचं. असली विद्या मला तोवर माहीत नव्हती.

खोलीवर येऊन मी पुस्तक नसरीनच्या पुढ्यात आपटलं. तिनं वाचलं आणि सरळ अब्बांना फोन लावला. चाचा, म्हणजे तिचे अब्बा, फोनवर मोठ्यानं बोलायचे, त्यामुळे मला शेजारी बसून सगळं ऐकू येत होतं.

"अब्बा, ते बीटीच्या पाकिटातलं छोटं पुडकं असतंय ना, ते कशाचं म्हणून सांगत होते तुम्ही लोकांना?"

"ते? ते वरचं हाय बेटा. कामून? कोनाला पायजे का?"

"कंपनीवाल्यांनी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"काय सांगनार? मीटिंग लावली, जेवन दिलं, डोक्याला टोप्या दिल्या. पुडकं कशाचं म्हनून मी इचारलं तर तो पोरगा म्हनला, नियमाचं हाय, असू द्या. आता गिऱ्हाइकाला नियमाचं हाय म्हनून सांगितलं तर तो घाबरतो. मंग मी वरचं हाय म्हनलो."

नसरीननं फोन ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे ते नाव आमच्याच दुकानातून निघालं असंल." मी म्हटलं, तुमच्या दुकानातून सोनाळ्यापर्यंत कसं येईल, अख्ख्या जिल्ह्याच्या दुकानांत हेच झालं असेल. ती म्हणाली, "तेच तर म्हणायले मी." तिच्या अब्बांसारखा सावध माणूस मी पाहिलेला नाही. कालबाह्य औषधाची बाटली ते दुकानाच्या मागच्या खोलीतसुद्धा ठेवत नसत. पुस्तकाच्या हिशेबानं तेही निष्काळजी, कारण शेतकऱ्यांत दुकानदार येतात की नाही हा बारकावा त्या वाक्यात नव्हताच.

मी सेमिनारचा मजकूर लिहिला. कारणांमध्ये तिसरं कारण लिहिलं, आश्रय पिकाची माहिती शेतकऱ्यांपर्यंत पोचवली गेली नाही. सरांनी लाल पेनानं त्याखाली रेघ मारली आणि मला बोलावलं. सर वाईट नव्हते. माझ्या माश्या उडून गेल्या तेव्हा त्यांनी स्वतः थांबून मला दुसऱ्या दिल्या होत्या, हे मी विसरलेले नाही.

"याला संदर्भ काय?" त्यांनी विचारलं.

"माझी आई आहे सर. आणि नसरीनचे वडील."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे बघ, विज्ञानात आई चालत नाही. छापील संदर्भ लागतो."

"मग पुस्तकातल्या वाक्याला काय संदर्भ आहे सर?"

त्यांनी पुस्तक ओढून घेतलं. त्या पानावर प्रत्येक वाक्याच्या टोकाशी बारीक आकडा होता, कुठल्या तरी शोधनिबंधाचा. निष्काळजीपणाच्या वाक्याला आकडा नव्हता. सरांनी ते पाहिलं, त्यांनी पाहिलं हे मी पाहिलं, आणि मला वाटलं आता झालं. पण त्यांनी पुस्तक मिटलं.

"ते सर्वमान्य आहे," ते म्हणाले.

"कोणाला मान्य आहे सर?"

"अगं, तुझ्या घरच्यांना कोणी काही म्हणत नाहीये. ही सर्वसाधारण गोष्ट आहे. पुस्तकात आहे तसं वाक्य घाल आणि पुढे जा. बाहेरचे परीक्षक येणार आहेत, ते हेच विचारणार. एका वाक्यासाठी ऑनर्स घालवू नकोस."

सर्वसाधारण. माझ्या आईला कोणी काही म्हणत नव्हतं, तिच्यासारख्या सगळ्यांनाच म्हणत होतं, म्हणून ते चालण्यासारखं होतं. मी ते वाक्य घातलं नाही. धीटपणा वगैरे काही नव्हता त्यात. मी ते टाइप करायला बसले होते, अगदी खरं सांगते, खिडकीजवळचा तो सूक्ष्मदर्शक मला दिसत होता. पण 'निष्काळजी' लिहिताना डब्यातला पाला आठवे आणि बोटं पुढे जाईनात.

सेमिनारच्या दिवशी मी नसरीनची ओढणी घेतली होती, कारण माझ्या सगळ्या ओढण्यांना कापसाचे तंतू चिकटलेले. बोलणं चांगलं झालं. पतंगांची वंशावळ मी फळ्यावर काढली, संख्याशास्त्रसुद्धा सांभाळलं. मग बाहेरचे परीक्षक म्हणाले, "एवढं सगळं सांगितलंत, पण यात शेतकऱ्यांच्या निष्काळजीपणाचा उल्लेखच नाही. तो का नाही?" मी शांतपणे म्हटलं, त्यांना सांगण्यात आलं नव्हतं. ते हसले, वडीलधाऱ्यासारखे. "अहो, पाकिटावर छापलेलं असतं. वाचायचं कोणी?"

तिथे माझा तोल सुटला. "छापून मोकये झाले तुमी," मी म्हणाले, आणि माझी जीभ पार सोनाळ्याला जाऊन पोचली. "त्यायले कोनं सांगतलं? त्यायले जाऊन इचारलं काऊन नाही एकानंही?"

मागून कुणीतरी 'काऊन' म्हणालं. त्यानंतर सगळा वर्ग हसला. नसरीन उठून उभी राहिली, "बरोबर बोलायली ती," म्हणाली, आणि तिच्या 'बोलायली'ला आणखी एक हशा झाला. परीक्षकांनाही हसू आवरलं नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायची कुणाला गरज उरली नाही, कारण प्रश्नाची गंमत झाली होती. शेऱ्यात लिहिलं होतं, मांडणी भावनिक. निकाल लागला आणि मी साध्या तुकडीत गेले. नसरीन टिकली, तिचा विषय डासांचा होता आणि डासांच्या बाबतीत कोणालाच निष्काळजी म्हणायचं नव्हतं. खिडकीजवळच्या त्या सूक्ष्मदर्शकाशी नंतर तीच बसायची. एम.एस्सी. मी दुसरीकडून केलं, ठीकठाक केलं, पण त्या खिडकीची जागा कशानंही भरून निघाली नाही.

घरी फोनवर सांगितलं तेव्हा आईनं विचारलं, "गेलं काऊन मंग तुह्यं ते हानर?"

आता तिला काय सांगणार होते मी? त्या वर्षी आमच्या घरात कवडी कापसाशिवाय काही आलं नव्हतं, डागाळलेला आणि किडका. त्यात तिला म्हणायचं, की पुस्तकात तुला निष्काळजी लिहिलंय आणि त्यावरून माझं भांडण झालं? मी म्हटलं, "एक वाक्य राहून गेलं, आई."

"एकच?"

"एकच."

"अवं, मंग नीट पाठ कराचं होतं ना, बाई," ती कळवळून म्हणाली. ही हळहळ तिच्या मनातून कधी गेली नाही. अजूनही कुणी माझ्या शिकण्याचा विषय काढला की ती सांगते, एका वाक्यानं गेलं पोरीचं.

पुढे काय झालं ते तर ऐकण्यासारखं आहे. आता ते छोटं पुडकं येत नाही. साधं बी आणि बीटीचं बी एकाच पिशवीत मिसळून येतं, म्हणजे आपण नेहमीसारखं टोबत जायचं आणि साधी झाडं आपोआप वावरभर विखुरली जातात. या सोयीवर मी एक भाषण ऐकलं. वक्त्यांनी त्याला क्रांतिकारक पाऊल म्हटलं आणि टाळ्याही पडल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. बीटीच्या ओळींत जागोजाग साधं बी लावणं, हेच तर आई करून बसली होती. आई शास्त्रज्ञ होती असं माझं म्हणणं नाही. तिला काही ठाऊक नव्हतं, तिनं नांगे भरले, आणि नांगे नसते तर तेही झालं नसतं. पण तिनं हातानं केलं तो निष्काळजीपणा, आणि कंपनीनं पिशवीत करून दिलं ते तंत्रज्ञान, हा हिशेब मला कुणीतरी समजावून सांगावा. आणि दुसरं असं, की लोकांना सांगून कळेल हा भरवसा कुणालाच नव्हता. सांगून तर कुणी पाहिलंच नव्हतं. त्यापेक्षा मिसळून टाकणं सोपं. पाकीट बदलायला यांना जमलं. पुस्तकातलं वाक्य तेवढं आहे तिथेच राहिलं.

हे सगळं मी त्या दिवशी ओट्यावर साक्षीला ऐकवलं. आई तेव्हा वावरात होती. साक्षीनं निमूट ऐकून घेतलं. शहाणी पोरगी आहे ती. म्हणाली, "ताई, तुह्यं बराबर आहे. पण तीन मार्काचा प्रश्न आहे, तीन कारनं लिहा लागतेत. तिसरं नाही लिहलं तं सर मार्क कापतेत. मी काय करू, सांग." माझं एक ऑनर्स मी माझ्या हातानं दिलं होतं. तिच्या मार्कांवर माझा काय हक्क? मी म्हटलं, तुला पटेल ते लिही. असल्या उत्तरानं कुणाचंच भलं होत नाही, हे मलाही कळतं.

संध्याकाळी आई वेचणीहून आली. ओट्यावर कमरेची ओटी सोडून तिनं तिच्यातला कापूस ढिगावर टाकला, हातपाय धुतले आणि चहा घेऊन साक्षीच्या समोर भिंतीला टेकून बसली. आमच्या घरातली ही जुनी रीत. लिहिता-वाचता येवो न येवो, आई समोर बसते आणि पोरांनी तिला म्हणून दाखवायचं. लहानपणी माझे पाढे तिनं असेच ऐकले. साक्षी आल्यापासून रोजच ही बैठक चालली होती.

"म्हन," आई म्हणाली.

साक्षीनं पुस्तक मिटलं. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सुरू केलं. "गुलाबी बोंडअळीमध्ये प्रतिकारक्षमता निर्माण होण्याची कारणे. एक, दरवर्षी त्याच शेतात बीटी कापसाची लागवड. दोन, फरदड घेणे." आणि ती थांबली. विसरली म्हणून थांबली की मी तिथे बसले होते म्हणून, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

आई कप खाली ठेवून पुढे सरकली. तिच्या केसांत कापसाचे तंतू तसेच होते आणि बोटं बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेली.

"अवं, तिसरं राह्यलं ना," ती म्हणाली. "शेतकऱ्याचा निष्काळजीपना. तुह्या ताईचं असंच एक वाक्य राह्यलं होतं, सारं गेलं मंग तिचं. म्हन बरं, माह्यासंग म्हन."

साक्षी हळूच म्हणाली. आईनं तिच्याकडून ते पुन्हा एकदा म्हणवून घेतलं, मग समाधानानं मान हलवली आणि चहाचा कप उचलला.

"हाव," ती म्हणाली. "आता बराबर."